परत जाण्याचं पेट्रोल

सास्काटून. उणे एकतीस.
विद्यापीठाच्या वाहनतळावर गाड्या
दावणीला बांधल्यासारख्या उभ्या,
प्रत्येकीच्या नाकातून निघालेली वायर
भिंतीतल्या सॉकेटपर्यंत,
आतलं तेल गोठू नये म्हणून.

तळघरात, खोली क्रमांक बावीस.
आम्ही अकरा प्राध्यापक, अकरा ओल्या बुटांचे जोड,
आणि संशोधन कार्यालयाच्या डार्लीन पेट्रिशिन.
सव्वीस वर्षं हेच शिकवतात:
अनुदान कसं मागावं,
आणि मिळालंच, तर नाव कसं राखावं.

पहिल्या तासाला म्हणाल्या, विशेषणं काढा.
मी "क्रांतिकारी" खोडलं. "अभूतपूर्व" खोडलं.
"सर्वंकष" जाताना जरा कुरकुरलं.
पाखडून पाखडून सुपात उरलं ते एवढंच:
उत्तरेच्या एका सरोवरातल्या माशांत पारा आहे.
तो खाणाऱ्यांच्या केसांतही असावा.
किती, ते मोजायचं आहे.
"हं," डार्लीन म्हणाल्या, "आता वाचवतंय."

दुसरा तास हितसंबंधांचा.
गव्हावर काम करणारे थोरवाल्डसन हात वर करून म्हणाले,
मेहुण्याची बियाण्यांची कंपनी आहे,
पण आम्ही नऊ वर्षं बोलत नाही.
"तेही लिहा. रकाना सहा, इतर."
कोणी हसलं नाही. त्यांनी खरंच लिहिलं.

मग संमती. चौदा पानी फॉर्म.
मी माझं गाऱ्हाणं काढलं:
ऑक्टोबरात एलायझा हाल्केटकडे गेले होते,
चहा आणि तंबाखू घेऊन,
तिथं काही विचारण्याआधी द्यायची रीत आहे म्हणून.
अठरा डॉलर चाळीस सेंट.
लेखा विभागानं बिल परत धाडलं:
घेणाऱ्याची सही कुठे आहे?
त्या म्हातारीपुढे मी पावतीपुस्तक धरू?

"धरू नका. पान एकतीस, तिसरा परिच्छेद.
कोणी वाचत नाही.
त्या सहा ओळींसाठी मी दोन हिवाळे समितीत बसले."
एवढं बोलून त्यांनी नाक शिंकरलं.
"बरं, ती काय म्हणाली?"

काय म्हणाली.
माशाचे कल्ले उचलून बघावेत
तशी तिनं फॉर्मची पानं उचलून बघितली.
मासे नेणार. केस नेणार.
परत कधी येणार?
मी म्हणाले, निष्कर्ष नियतकालिकात छापून येतील.
तिनं माझ्या कपात चहा ओतला.
म्हणाली, माझ्या आईचे केस एक जण घेऊन गेला होता,
टोपी चांगली होती त्याची.
सही? सहीचं उद्या बघू.
उद्या बर्फ पडला, रस्ता बंद झाला.

डार्लीननी माझं अंदाजपत्रक उघडलं.
प्रवास: जाणे, चार फेऱ्या, नमुने गोळा करणे.
बोट खाली सरकत गेलं. शीतपेटी. कुरिअर. पाऱ्याचं यंत्र.
बोट शेवटच्या ओळीशी थांबलं,
आणि चष्म्यावरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग आम्ही लिहिलं:
परत जाण्याचं पेट्रोल, साडेचारशे किलोमीटर गुणिले दोन.
गावच्या सभागृहाचं भाडं. शिरा, म्हणजे सूप, पन्नास जणांना;
छे, शिरा नाही, ती माझी बोटं गारठली होती. नुसतं सूप.
क्री भाषेत सांगणाऱ्याचा दिवसभराचा मेहनताना.
पैसे आणायचे कुठून?
व्हिएन्नाच्या परिषदेतून.
एका कळीनं व्हिएन्ना गेलं,
तिथली ती चित्रांची गॅलरीही गेली,
जिचं नाव मी अर्जात अर्थातच लिहिलं नव्हतं.

साडेचारला प्रमाणपत्र मिळालं, कोमट, छापखान्यातून आल्यासारखं.
अर्ज गेला. उत्तर एप्रिलमध्ये.
अनुदान आलं तर जाईन.
नाही आलं तरी जायला हवं, केस घेतलेले नसले तरी,
चहा तर प्यायलाय.
हे कोणत्या रकान्यात बसतं
ते विचारायचं राहिलं.

गाडी सुरू केली, पूल ओलांडला.
सिग्नलला शेजारचा माणूस काच खाली करून
काहीतरी ओरडत होता, बोटानं दाखवत होता:
वायर काढायची विसरले होते मी.
तुटून लोंबत होती,
घरापर्यंत रस्त्यावर रेघ ओढत.