दुसरा हप्ता

व्हिएन्नाहून आलेल्या फॉर्मला एकोणीस पानं होती
आणि सातव्या पानावर रकाना:
वर्षाचा धूर, किलोमध्ये.
नेमगोंडा मालक म्हणाले,
"धूर कुणी तराजूत घातलाय काय गा कधी?"
मी लिहिलं, मोजलेला नाही.
सबंध फॉर्मात तेवढं एकच उत्तर
मला खात्रीनं ठाऊक होतं.

उद्यमबागेत, तिसऱ्या गल्लीत आमची फाउंड्री.
पाटी कानडीत, हजेरीबुक मराठीत,
पंपाच्या बॉडीवर उठणारी अक्षरं इंग्रजीत,
शिव्या ज्याच्या त्याच्या आईच्या भाषेत.

इंगेबोर्गबाई जानेवारीत आल्या.
पोलादी नाकाचे बूट, कानात कापूस.
आल्या आल्या त्यांनी जळक्या वाळूत हात घातला,
मूठ दाबली, वास घेतला,
विचारलं, ही जाते कुठं?
मी ते मराठीत आणलं, बसलिंगनं कानडीत नेलं,
उत्तर कुणीच दिलं नाही.
फक्त सगळ्यांच्या माना एकदम वळल्या
नाल्याकडं,
ज्याच्या खालच्या अंगाला बासमतीची शेतं आहेत.

मष्णू मुतगेकर तेवीस वर्षं भट्टीवर.
निळ्या काचेतून रस बघायचा.
"पिकल्या काजूबोंडावानी दिसला की सोडायचा."
बाईंनी यंत्र धरलं. आकडा आला.
चाळीस अंश कमी.
मष्णूनं कोपऱ्यातल्या ढिगाकडं पाहिलं,
भोकं पडलेल्या, परत आलेल्या बॉड्या,
आणि काच पुसून खिशात ठेवली.
"आणि मी इतकी वर्सं वाळूलाच शिव्या देऊलतो की."
हे मी भाषांतरात घेतलं नाही.

पहिल्या हप्त्यात भट्टीला दुसरा वारा बसला.
दुसऱ्या हप्त्यात वाळू धुऊन परत वापरायचं यंत्र येणार होतं.
आपला वाटा तीस टक्के:
मालकांनी मच्छेचा प्लॉट सोसायटीत गहाण टाकला
आणि घरी सांगितलं नाही.

दुसरा हप्ता परत गेला.
बँकेचं पत्र: गावाचं नाव जुळत नाही.
करारावर बेळगाम,
खात्यावर बेळगावी,
मालकांच्या आजोबांच्या उताऱ्यावर बेळगाव.
या एका शब्दापायी इथं पाट्यांना काळं लागलंय,
पोरं कोठडीत रात्री काढून आलीत,
माझा मामा त्यातलाच.
तिकडच्या कारकुनाला त्याचं काय!
त्याला एक अक्षर जास्त दिसलं
आणि त्यानं पैसे माघारी ओढले.

सत्तावन्न दिवस.
यंत्र बंदरात, भाडं चढतंय.
शेवटी मी शंभराच्या स्टॅम्पवर लिहून नेलं:
वरील तिन्ही गावं एकच आहेत.
नोटरीनं शिक्का उचलला, थांबला,
चष्म्यावरून पाहिलं.
"असं लिहून देणारे तुम्ही पहिलेच," म्हणाला,
आणि ठोकला शिक्का.

आता वाळू गोल फिरते, नाल्यापर्यंत जात नाही.
(सगळी नाही. दहातली दोन पोती अजून जातात.)
कोक तिसऱ्या हिश्शानं कमी लागतो.
मष्णू यंत्राचा आकडा बघतो,
मग काच काढून एकदा बघतोच.
बाईंच्या अहवालात त्याचा फोटो आलाय:
कामगार, दक्षिण भारत.
त्यानं तो डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय.

कोक कमी, म्हणून कोक फोडणारी माणसंही कमी.
यल्लवा आणि तिची जाऊ,
हातोडी आमची होती, ती परत करून गेल्या.
यल्लवानं जाताना विचारलं,
"त्या बाईला सांगितलंस काय गं?"

अंतिम फॉर्मही एकोणीस पानांचा.
धुराचा रकाना भरला, या खेपेला किलोमध्ये.
रोजगार: वाढला, घटला, तसाच. खूण करा.
खूण केली. चौकोन एवढासा होता.
मग शेवटच्या पानावर, इतर माहिती,
जिथं सगळे रेघ मारतात,
तिथं मी दोघींची नावं लिहिली.
आधारकार्डावर एक, रेशनकार्डावर दुसरं,
मी तिला विचारून लिहिलं,
ती सांगते तसं.