चाकं बदलून मिळतील

मरोळच्या मिलिटरी रोडवर, बेकरी ओलांडली की
जिन्याखालचं दुकान. पाटीवर एवढंच:
चाकं बदलून मिळतील.
मी मात्र नवीच घ्यायला आले होते.
जुन्या बॅगेचा दांडा काल उजळाईवाडीच्या टर्मिनलपाशी
गाजराच्या पाल्यासारखा हातात आला
आणि बॅग मागे राहिली.

इग्नेस किणी चष्मा कपाळावर सरकवतो.
'आठवड्याला किती फेऱ्या?'
दोनदा येणं, दोनदा जाणं.
घर कोल्हापूरला, नोकरीचा तळ इथं,
मधल्या रात्रींना चौघींत मिळून एक भाड्याची खोली,
जिथं फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर नाव आहे
आणि कुठल्याच गादीवर नाही.
'म्हणजे विमान चालवायच्या आधी
तुम्हाला विमान पकडावं लागतं.'
हो. तेही जागा उरली तर.

तो फळीवरून तीन बॅगा उतरवतो.
पहिली टणक, चकचकीत. नारळ पारखावा तशी तो वाजवून बघतो.
'ही लग्नात न्यायची. एक थंडी काढेल, मग कोपरा तडकेल.'
दुसरी चार चाकांची.
'ही मॉलच्या फरशीची. क्रूच्या गाडीत ठेवलीत
तर प्रत्येक वळणाला एकटीच फिरायला निघेल.'
तिसरी काळी, जाड नायलॉनची, दोनच चाकं,
हवालदाराच्या बुटासारखी. तिला तो उलटी करतो.
गिऱ्हाईक बॅग उभी करून बघतं, म्हणतो, म्हणून फसतं.
'इथं रिव्हेट नाही, स्क्रू आहे. जे उघडता येतं तेच टिकतं.
दांडा जाणार, तो जातोच. बॅग मधे कधी फाटत नाही, मॅडम,
माणूस धरतो तिथंच सुटते.'

आत कागदात गुंडाळलेल्या दोन विटा आहेत.
'उचला. डाव्या हातानं, डोक्याच्या वर.'
उचलते. खांदा मागच्या वर्षीचं काहीतरी पुन्हा काढतो.
'छोट्या विमानाच्या कप्प्यात मावेल?'
'मावेल. पुढचा खिसा गच्च भरायचा नाही. सगळे भरतात.'

भाव होत नाही. तो करत नाही,
मला चार दहाला रिपोर्टिंग आहे.
जुनी बॅग रिकामी करायला घेतो:
इस्त्रीचा शर्ट, टॉर्च, हॉटेलचे सहा साबण,
आणि मग थांबतो. हलवतो. कान लावतो.
'हा आवाज कसला?'
सैल बोल्ट, मी म्हणते, वर्षभर आहे.
सुरक्षेच्या पडद्यावर बघणारा एकदा म्हणालाही होता,
मॅडम, तळाशी हे ठिपके कसले?
असतील काही, म्हणाले होते, माझं विमान सुटत होतं.

तो पाती घेऊन अस्तर उसवतो.
चिंचोके.
कोपऱ्यातली शिवण आधीच उसवलेली,
लहान दोन बोटं जातील एवढी.
तो टेबलावर दहा-दहाच्या रांगा लावतो,
बोल्ट मोजावेत तसे, न हसता.
एकेचाळीस.
माझी शमा सहा वर्षांची आहे. शंभरपर्यंत तिला येतं.
मी निघताना ती दाराशी कधीच नसते,
बॅगेपाशी काहीतरी करत असते,
आणि मी ओरडते, चेनला हात लावू नकोस, तुटेल.

इग्नेस चिंचोके साबणाच्या रिकाम्या खोक्यात भरतो,
नव्या बॅगेच्या पोटात हात घालून कोपरा चाचपतो.
'फॅक्टरीची शिवण आहे, पक्की.'
मग माझ्याकडे न बघता,
'असू दे? की इथं थोडी उसवून देऊ?'

रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबून धरलाय.
मी दोन बोटं दाखवते. एवढी.
तो पाती पुसतो. कामाला पाच मिनिटंही लागत नाहीत.
मग पावती फाडून तिच्यावर लिहितो:
सरनोबत मॅडम. काळी, बावीस इंच.
दांडा, चाकं, चेन: हमी दहा वर्षं.
पेन उचलतो, पुन्हा टेकवतो:
अस्तर सोडून.