घोंगडीत काय बांधून आणलंस

कातरणीचा हंगाम. लोकर गुडघ्यापर्यंत साचलेली.
बापानं मेंढी दोन पायांत धरली,
मान वर न करता विचारलं,
"चार वर्षं. अकरा मेंढ्या विकल्या.
घोंगडीत काय बांधून आणलंस, मोलेफी?"

कागद यायचाय अजून, मी म्हणालो,
सहीला अडकलाय.
"कागद नाही विचारला."
कात्री चालत राहिली.

काय सांगू?
रोमाच्या खोऱ्यात, पहिल्या रात्री,
लोखंडी खाटेवर झोप येईना
म्हणून फरशीवर घोंगडी अंथरली
तर वरच्या खाटेवरून खोत्सो अंधारात हसला.
राजधानीतला पोरगा. बुटांना पॉलिश,
उशाला अत्तराची बाटली.
तिसऱ्या आठवड्यात त्याच्या घरून फोन आला
आणि तो माझ्याच घोंगडीत तोंड खुपसून रडला,
मेंढ्यांच्या वासासकट.
तेव्हापासून ती दोघांची.
हे कसं बांधून आणायचं?

संख्याशास्त्रात नापास झालो होतो.
तुला कळवलं नाही.
त्या रविवारी मेस बंद,
भांड्याच्या बुडाची मक्याची खरवड खाऊन
ग्रंथालयाच्या पायरीवर बसून राहिलो.
डोंगरात एकटा असायचोच की मी,
पण तिथं मेंढ्या मोजायच्या असत.
इथं मोजायला काही नव्हतं,
फक्त मी.
एकावरच मोजणी संपली
आणि तरी उठावंसं वाटेना.

पण तुला सांगायचं ते वेगळंच आहे.

दुसऱ्या वर्षी, मातीच्या तासाला,
मोत्सोएनेबाईंनी पडद्यावर फोटो लावला.
घळ होती.
आपल्या मोखोतलोंगकडची, उतारावरून ओळखली मी.
बाईंनी विचारलं, आधी काय जातं, कड की तळ?
पुढच्या बाकांवरून भराभर हात.
कड, कड, कड.
मी कधी उभा राहिलो मलाच कळलं नाही.
गुडघे लटपटत होते, इंग्रजी त्याहून जास्त.
"नाही. पाणी खालून खातं.
वर गवत हिरवंच दिसतं.
एक कोकरू उभं राहिलं
तर कोकराच्या वजनानंही जातं."

वर्ग गप्प.
बाईंनी खडू पुढं केला.
"काढून दाखव."

फळ्यावर रेघ ओढता ओढता हात थांबला.
आठ वर्षांचा होतो, बा.
पांढऱ्या कानाचं कोकरू.
तू काठीनं मारलंस,
लक्ष कुठं होतं तुझं, म्हणत,
आणि मी बारा वर्षं धरून चाललो
की माझं लक्ष नव्हतं.

होतं, बा.
कडेखाली माती नव्हती.

कात्री थांबली.
अर्धी नागडी, अर्धी लोकरीत
मेंढी पडून राहिली त्याच्या तोंडाकडे बघत.
तो काही बोलला नाही.
मग दुसरी बाजू कातरली, नेहमीपेक्षा हळू,
कुठं ओरखडा उठू न देता.

सकाळी त्याची घोंगडी खुंटीवर नव्हती.
घळीकडं गेलो तर वाकून दगड मांडत होता,
कडेपासून चांगली वीस पावलं अलीकडे,
आणि धाकट्याला बजावत होता,
"ह्याच्या पलीकडं न्यायची नाहीत.
कितीही हिरवं दिसू दे."
"का?" धाकट्यानं विचारलं.
बापानं हनुवटी माझ्याकडे वळवली.
"त्याला विचार."

मी तोंड उघडलं तेवढ्यात म्हणाला,
"नंतर सांग. आधी दगड आण.
ओढ्यातले. चपटे."