मतलई

कार्यालयातून मला एक पुठ्ठा मिळालाय.
त्यावर सहा चौकोन. पहिला कोरा,
शेवटचा दौत सांडल्यासारखा,
मधले चार
राखेचे, ढगाचे, म्हशीच्या पाठीचे.
हात लांब करून तो चिमणीशेजारी धरायचा,
एक डोळा मिटायचा
आणि धुराला नंबर द्यायचा.

धूर काजूच्या टरफलांचा.
डोळ्यांआधी घशाला कळतो.
बंदर रोडच्या शाळेत दुसरीची मुलं
पाढे म्हणताना सात सक्कंला अडकायची,
वाळत घातलेल्या सुंगटांना भलताच वास यायचा,
आणि बेकरीवाला फर्नांडिस रस्त्यात अडवून सांगायचा,
माझी भट्टी नव्हे हो ती.

अर्ज आला. एकतीस सह्या, दोन अंगठे.
मी गेलो, डोळा मिटला, लिहिलं : चार.
नोटीस गेली. आरोलकरांनी घेतली, मला चहा दिला
आणि चिमणी दहा फुटांनी वाढवली.
धूर आमच्या हद्दीवरून उडत
शेजारच्या ग्रामपंचायतीत उतरला.
तिथल्या सरपंचांचं पत्र आलं, जावक क्रमांकासह :
"आपला धूर आमच्याकडे येत आहे,
तरी तो त्वरित परत न्यावा."
मी हसलो. मग आवक वहीत चढवला.

सर्वसाधारण सभा, विषय क्रमांक नऊ.
आठव्यावर, मच्छी मार्केटच्या नळावर, दीड तास गेलेला.
नवव्याला जुवांव मेंडीस उठले,
जुने खलाशी, तीन वर्षांत सभेत एकदाही न बोललेले :
"दिवसा वारो दर्यावयलो. धूर गावात येतलोच.
मतलई सुटली काय पेटवा.
भायर जातलो. माशांका खोकलो येणा नाय."

ठराव मंजूर.
इतिवृत्त मीच लिहिलं :
सदर कारखान्याने आपली भट्टी
मतलई वारा वाहत असतानाच पेटवावी.
मुख्याधिकारी विदर्भातले. सही करता करता थांबले.
ही मतलई
कुठल्या विभागाकडे येते?

आता सात सक्कं बेचाळीस सुरळीत येतं.
शाळेचं आभाराचं पत्र फाइलला लावलंय.

आणि रात्री दीडला
शेवंती, रुझाय, हनिफाबी, सगळ्या मिळून सतराजणी
एका बॅटरीच्या उजेडात खाडीचा पूल ओलांडतात.
भाजणी रात्री, म्हणून त्याही रात्री.
बोटांना राख चोळून बसतात,
तरी चीक कातडी काढतोच.
शेवंतीचा मुलगा दुसरीतच आहे.
खोकत नाही. एकटा झोपतो.

परवा तपासणीला गेलो, अडीच वाजता.
तोंड दर्याकडे, पाठीत थंड मतलई.
ठरावाप्रमाणे अगदी.
पुठ्ठा धरला, डोळा मिटला.
चिमणी दिसेना. धूर दिसेना.
सहाही चौकोन काळे,
कोरा होता तोसुद्धा.

रुझाय दारात येऊन उभी होती कधीची.
"काय दिसता, सायबानू?"
मी पेनाचं टोपण शोधू लागलो.
"हंयसर भितुर येवन धरा तो पुठ्ठो," ती म्हणाली,
"बल्ब आसा."

फॉर्मवर रकाना चिमणीचा आहे.
खोलीचा नाही.
मी पुठ्ठा पिशवीत घातला, परत काढला.
ती बाजूला सरली.
आत बल्ब होता
आणि मतलई दाराशीच वळत होती.