आखाजीपर्यंत

आखाजी पंधरा दिवसांवर
आणि गिरणीचं इंजिन ठोकायला लागलं.
पुक् पुक् पुक् ठक्.
पुक् पुक् ठक् ठक्.
बेटावदच्या बायका डोक्यावरची पाटी न उतरवता म्हणाल्या,
हे आज वेगळं बोलतंय.

उखा मिस्तरी सायकलवरून आला.
लांब पेचकस इंजिनच्या पोटाला टेकवला,
मूठ दातांत धरली.
कान म्हातारे झाले, म्हणायचा, दात अजून खरं सांगतात.
डोळे मिटून बराच वेळ इंजिन चावत राहिला,
मग थुंकला.
"मोठं बेरिंग गयं.
मरनं नही आजून. खोकलस नुस्तं."

नवं बेरिंग राजकोटहून यायचं,
सुरत-भुसावळ पॅसेंजरनं, येईल तेव्हा.
तोवर गहू थांबणार नव्हते, उडीद थांबणार नव्हते,
खापरावर मांडे टाकायला माहेरी येणाऱ्या पोरी तर नाहीच.

मी बॅटरी धरून बसले. वय अकरा.
रॉडच्या जबड्यातून त्यानं
वितळून गोळा झालेला पांढरा धातू
सायीसारखा खरवडला, बशीत ठेवला.
"तेल कमी पडलं की असं होतं,"
हे माझ्या वडिलांकडे न बघता.

मग गिरणीभर नजर फिरवली.
पट्ट्याचं चामडं पातळ,
जुनी पखाल कुजलेली.
नजर खाली आली ती वडिलांच्या पायांवर थांबली.
"डावी काढ," म्हणाला.
गेल्या पोळ्याला घेतलेली वहाण, चांगली जाड.

तळ कापून दोन अर्धचंद्र केले,
रात्रभर एरंडेलात.
सकाळी ते कानाच्या पाळीसारखे मऊ.
त्यांच्या पाठीशी चहाच्या डब्याचा पत्रा, कात्रीनं,
एक पदर, आणखी एक,
हातानं चाक फिरवायचं, मान हलवायची,
अर्धा पदर काढायचा.
अर्धा पदर कसा काढतात
ते मला अजून कळलेलं नाही.

"हाई चामडं शे, लोखंड नही. हळू चालाडा.
दोन पाट्या झाल्या का थांबा, हात लावा.
हात ठेवता उना तर पुढे.
आखाजीलोंग चाली. पुढलं माले पुसू नका."

हँडल मारलं.
पुक् पुक् पुक् पुक्
ठक् कुठे गेला?
त्याच्या जागी काहीतरी दबकं,
कुणी ओट्यावरून वहाणा घालून जावं तसं.

वडील पंधरा दिवस अनवाणी.
उरलेली एक खिळ्याला.
कुणी विचारलं तर म्हणायचे,
दुसरी कामावर गेली आहे.

आखाजी झाली. झोके उतरले. पोरी सासरी गेल्या.
इंजिन चालूच.
पार्सल आलं तेव्हा पाऊस लागला होता;
खोकं देवाच्या फळीवर ठेवलं, कुणी उघडलं नाही.
दिवाळीला विजेची मोटर बसली.

एकोणीस वर्षांनी धुळ्याचा भंगारवाला आला,
घण घातला, रॉड उघडला.
आत जांभळाच्या बीसारखं काळं, टणक,
टाक्यांची भोकं सरळ रांगेत.
"हे वजनात धरत नाही," म्हणाला,
आणि माझ्या हातावर ठेवलं.
उखा मिस्तरीला दाखवायला उशीर झाला होता, तीन वर्षांचा.

मग फळीवरचं खोकं फोडलं.
ग्रीसच्या कागदात राजकोटचं बेरिंग,
चकचकीत,
अर्ध्या सुतानं लहान.