मर्यादा पाच एमबी

शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख,
आणि सुगुणा कोंगारी आली दुपारी साडेतीनला,
पिशवीत तहसीलचा उत्पन्नाचा दाखला:
आई विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात,
दोघांचं मिळून वर्षाचं जे काही होतं
ते अक्षरी, रुपये फक्त.

माझं केंद्र अशोक चौकाच्या पलीकडं.
सात-बारा, पॅन, जातीचा दाखला, रेल्वेचं तिकीट,
सगळं भरलंय मी या खुर्चीत बसून.
गाणं पहिल्यांदाच.

गुरूचं नाव: शिवलिंगय्या हिरेमठ, निवृत्त, मनपा शाळा.
घराणं?
यादी उघडली. ओळीनं गावांची नावं, मोठमोठी,
त्यात सोलापूर नव्हतं.
मी 'इतर' निवडलं.
ती काही बोलली नाही, झेरॉक्सच्या मशीनकडं बघत राहिली.

मग ध्वनिमुद्रण. अकरा मिनिटांचं.
मागांना सुट्टी असते त्या रात्री,
दारं लावून, पंखा बंद करून –
मे महिन्यात, सोलापुरात, पंखा बंद करून –
तरी खालच्या गल्लीत कुणीतरी
एक माग चालू ठेवला होताच.
खटक्-खट, खटक्-खट,
दुसऱ्या मोबाइलातल्या तंबोऱ्याच्या आडून.
नियम सांगतो: फाइल पाच एमबीच्या आत.
म्हणजे चार मिनिटं, फार तर.

कापणं मला जमतं.
फोटो, सही, अंगठा, सगळं मापात बसवतो.
"थांबा ओ भाऊ," ती म्हणाली, "हा मारवा आहे.
ह्यात सा लगेच येत नाही.
रेवर थांबायचं, धवर थांबायचं,
उंबऱ्यापर्यंत जाऊन माघारी फिरायचं.
माझा सा पाच मिनिटांनी लागतो."

"मग जरा आधी लाव की."

"आधी लावला तर मारवा राहत नाही."

माझा आजा पिंजारी.
तातीच्या आवाजावरून सांगायचा म्हणे
कापूस किती ओला आहे ते.
माझ्यापर्यंत आडनाव तेवढं आलं, नदाफ.
मी तीन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांवर कात्री लावली.

ओटीपी आईच्या फोनवर.
आई विड्या मोजून द्यायला रांगेत.
पहिला आकडा वाया गेला, दुसऱ्यांदा तिनं
ओरडून वाचला, मागच्या गलक्यातून, तेलुगूत:
रेंडु… सुन्ना… ऐदु… ऐदु… एडु… नालुगु…
आणि लेकीनं तो मराठीत उतरवून दिला, एका श्वासात.
हे कुणी रेकॉर्ड केलं नाही.

पावती निघाली. साठ रुपये.
दहाच्या सहा नोटा, तंबाखूचा वास असलेल्या.
"मिळाली तर पहिल्या तीन हप्त्यांत तंबोरा," म्हणाली,
"खरा." आणि जिना उतरून गेली.

निकाल अजून नाही.
पोर्टलवर 'छाननी सुरू' एवढंच, चार महिने.
अकरा मिनिटांची फाइल माझ्याकडं राहिली आहे,
'इतर' नावाच्या फोल्डरात.
संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की लावतो.
परवा एक जण आला, घाईत,
आधार अपडेट करायचा होता.
उभ्याउभ्या विचारलं, "मशीन चालू आहे का?"

मी म्हटलं, बसा दोन मिनिटं.
सा यायचाय अजून.