प्रश्न क्रमांक अकरा

पॉलिसी एकतीस तारखेला संपते.
कोपरखैरण्याच्या दवाखान्याने आधीच निरोप धाडलाय:
नवी प्रत दिल्याशिवाय मॅडम, केस लावता येणार नाही.
कायद्यात सक्ती कुठे आहे, मी विचारलं.
कायद्यात नाही हो, मॅनेजर म्हणाला, करारात आहे.
पान सहा. तुमचीच सही.

सही माझीच.
उभ्याउभ्या केलेली, दोन सिझेरियनच्या मध्ये.

पाच दवाखाने, एक स्कूटर, एक काळी बॅग.
ऐरोली, घणसोली, कधी रात्री दोनला दिघा.
पेशंट मला ओळखत नाहीत.
त्यांना आठवतो एक आवाज,
दहापासून उलटे मोजा म्हणणारा,
तोही सातपर्यंतच.

चेऊलकर फॉर्म भरूनच आणतो,
सहीच्या जागी पेन्सिलीने फुली.
एक कोटीचा घ्या मॅडम, पन्नास लाखांत हल्ली
वकीलसुद्धा खुर्चीतून उठत नाही.
हसतो. मग बघतो, मी हसले नाही.

अकरावा प्रश्न त्याने मोकळा सोडलाय:
भविष्यात दावा उद्भवू शकेल अशी
एखादी घटना आपणास ज्ञात आहे काय?
होय. नाही.
दोन चौकोन, तिळाएवढे.

तळवलीच्या हर्षाली म्हात्रेचा धाकटा, हर्नियाचा,
बारा किलो.
नळी अन्ननलिकेत गेली होती.
मॉनिटरचा सूर एकेक पायरी उतरत गेला.
मी नळी काढली, मास्क धरला, पुन्हा घातली.
घड्याळात पावणेदोन मिनिटं.
माझ्या मनगटात ती अजून चालू आहेत.

पोरगा उठला, रडला, माझ्या एप्रनवर शू केली.
नोंद मी लिहिली आहे, खाडाखोड न करता.
कोणी वाचली नाही.
महिन्याने त्याची आई आली,
सुकट घालून केलेली वांगी घेऊन.
डबा परत द्यायचा राहिलाय.

नाहीवर टिक करा, चेऊलकर म्हणतो, सगळे करतात.
नोटीस नाही, तक्रार नाही, तर घटना कसली?
होय म्हणालात तर हप्ता वाढेल.
नाही म्हणालात आणि उद्या काही निघालं
तर कंपनी हात वर करेल,
हेही तोच सांगतो, जरा हळू.

खाली सोसायटीत कुणीतरी राज्य घेतलंय.
भिंतीला डोळे लावून ओरडतंय,
दहा, वीस, तीस, चाळीस.
शंभरपर्यंत जातं.

चेऊलकर, मी म्हणते,
एक कोरा कागद जोडायला लागेल.
एवढ्या जागेत मावणार नाही.